चूक कोणाची, जाब कोणाचा?

वसमतहून औंढा नागनाथाकडे जाताना वाटेत शिरड शहापूर लागते. यात्रेकरू बहुधा ज्योतिर्लिंगाच्या ओढीने पुढे निघून जातात. जैन बांधव मात्र येथे आवर्जून उतरतात, कारण मल्लिनाथांचे दिगंबर जैन मंदिर या गावात आहे आणि त्याची ख्याती पंचक्रोशीबाहेर पोहोचलेली आहे. बाकी गाव मराठवाड्यातील कोणत्याही मोठ्या गावासारखे: एस.टी.चा थांबा, चहाची हॉटेले, बी-बियाण्यांची दुकाने आणि वसमतच्या बाजारातील हळदीच्या भावाची चर्चा. २०२५ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही त्या वाटेने गेलो, तेव्हा मात्र हॉटेलातील बाकांवर हळदीपेक्षा वेगळाच विषय चालला होता. वसमत नगरपरिषदेची निवडणूक ऐन वेळी थांबली होती.

घडले ते असे. राज्य निवडणूक आयोगाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींचा कार्यक्रम जाहीर केला. मतदान २ डिसेंबरला आणि मतमोजणी दुसऱ्या दिवशी व्हायची होती. अर्ज भरले गेले, छाननी झाली, चिन्हे मिळाली, ध्वनिक्षेपक लावलेल्या गाड्या गल्लीबोळांतून फिरू लागल्या. आणि मतदानाला अवघे तीन दिवस उरले असताना, २९ नोव्हेंबरला, आयोगाने काही ठिकाणची निवडणूक पुढे ढकलण्याचा आदेश काढला. अशा चोवीस नगरपालिकांत हिंगोली जिल्ह्यातील वसमत होती, शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील मुखेड आणि धर्माबाद होते, तिकडे बारामती, फलटण आणि अंबरनाथही होते. उरलेल्या २६४ ठिकाणी २ डिसेंबरला मतदान झाले. या चोवीस ठिकाणचे मतदार २० डिसेंबरपर्यंत थांबले.

कारण ऐकून प्रथम हसू येते आणि मग हसू मावळते. नगरपालिकेच्या निवडणुकीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने एखाद्याचा अर्ज नाकारला किंवा स्वीकारला, तर त्यावर जिल्हा न्यायाधीशाकडे अपील करता येते. १९६६ च्या निवडणूक नियमांतील सतराव्या नियमानुसार अशा अपिलाचा निकाल लागल्यानंतर उमेदवाराला माघार घेण्यासाठी तीन दिवसांची मुदत द्यावी लागते आणि त्यानंतरच चिन्हांचे वाटप करता येते. काही ठिकाणी अपिलांचे निकाल ठरल्या तारखेनंतर आले. अधिकाऱ्यांनी मात्र वेळापत्रकाकडे पाहून २६ नोव्हेंबरलाच चिन्हे वाटून टाकली. तीन दिवस मोजायचे राहून गेले. जेथे नगराध्यक्षपदाच्या अर्जाचा प्रश्न होता, तेथे संपूर्ण नगरपालिकेची निवडणूक थांबली. जेथे एखाद्या प्रभागाचा होता, तेथे तेवढ्याच जागेची. पुढे २ डिसेंबरला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असे ठरविले की, एका ठिकाणच्या निकालाचा दुसऱ्या ठिकाणच्या मतदानावर परिणाम होऊ नये म्हणून सर्वच मतमोजणी २१ डिसेंबरला करावी. अशा रीतीने तीन दिवसांच्या हिशेबातील चुकीपायी राज्यभरातील मतपेट्या, म्हणजे आजची मतदान यंत्रे, जवळजवळ तीन आठवडे कुलपात पडून राहिली आणि त्यांच्यावर पहारे बसले. मुख्यमंत्र्यांनीही आयोगाने कायद्याचा अर्थ चुकीचा लावल्याचे जाहीरपणे म्हटले.

हॉटेलातील मंडळी ज्या प्रश्नाभोवती फिरत होती, त्याने आमचा पिच्छा सोडला नाही. चूक झाली हे आयोगानेच आदेश काढून मान्य केले. ती दुरुस्तही केली. नवी तारीख दिली. पण चुकीचा जाब कोणी दिला? उमेदवारांचा खर्च वाया गेला, पुण्या-मुंबईहून सुट्टी काढून मतदानाला येणाऱ्या मुलांची सुट्टी फुकट गेली, आणि या सर्वांना कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या समजुतीने, कोणाच्या सूचनेवरून चिन्हे वाटली याचा लेखी खुलासा मिळायला हवा, असे बंधन कोणत्या नियमाने घातल्याचे आमच्या वाचनात नाही. दुरुस्ती आणि जाब या दोन भिन्न गोष्टी आहेत. कबुलीच्या आसनाजवळ आयुष्याची तीसेक वर्षे काढलेल्या माणसाला हा भेद चटकन जाणवतो. झालेले नुकसान भरून देणे हा पश्चात्तापाचा एक भाग झाला. पण त्याआधी झाले ते आपल्या तोंडाने सांगावे लागते.

या भेदाचा माग काढीत मागे जाऊ लागलो की १९५२ पाशी थांबावे लागते.

शिरड शहापूर तेव्हा हैदराबाद राज्यातील परभणी जिल्ह्यात होते. निजामाच्या राजवटीत विधिमंडळाचा एक प्रयोग झाला होता, परंतु तो मर्यादित मताधिकाराचा आणि व्यवसायांच्या गटांवर आधारलेला होता, आणि स्टेट काँग्रेसने १९४६ मध्ये त्यावर बहिष्कार घातला होता. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर साडेतीन वर्षांच्या आत याच गावांतील शेतमजूर, विधवा, गावकुसाबाहेरचे महार-मांग, सगळे एकाच रांगेत उभे राहिले आणि प्रत्येकाला एकच मत मिळाले. परभणीतून लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे निवडून गेले. ज्या प्रदेशात चार वर्षांपूर्वी रझाकारांची दहशत होती, तेथे सत्ताधारी पक्षाच्या विरोधातील माणूस निर्धोकपणे निवडून येतो, ही लहान गोष्ट नव्हे.

तो डोलारा सुकुमार सेन या एका माणसाने उभा केला. ते आय.सी.एस. अधिकारी, पश्चिम बंगालचे मुख्य सचिव. मार्च १९५० मध्ये पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि १९५८ पर्यंत त्या पदावर राहिले. मतदारांची संख्या सतरा कोटींच्या वर, त्यांतील बहुसंख्य निरक्षर. मतपेट्या वीस लाख लागल्या आणि त्यांसाठी ८,२०० टन पोलाद खर्ची पडले. पुष्कळशा पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या, ही गोष्ट मुंबईकरांना ठाऊक असेलच. याद्या टंकलिखित करून लावण्यासाठी १६,५०० कारकून सहा महिन्यांच्या कराराने नेमले गेले. हे आकडे अनेकदा सांगितले जातात आणि ते अभिमानाने सांगावेत असेच आहेत.

परंतु आमच्या विषयाशी निगडित आकडा वेगळा आहे. सुमारे आठ कोटी स्त्रियांपैकी अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे मतदार यादीत येऊ शकली नाहीत. नोंदणी करणारा माणूस दारात आला की या स्त्रिया आपले नाव सांगत नसत. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढेच उत्तर मिळे; परक्या पुरुषाला नाव सांगणे रीतीत बसत नव्हते. बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेश येथे हे मुख्यत्वे घडले. नोंदणी करणाऱ्यांनी 'अमक्याची बायको' असेच लिहून टाकले होते. सेन यांनी ते चालू दिले नाही. मतदाराला स्वतःचे नाव हवे, असा त्यांचा आग्रह होता. बिहारला नावे दुरुस्त करण्यासाठी एक महिन्याची जादा मुदत दिली गेली आणि तिचा काही प्रमाणात उपयोगही झाला. इतरत्र नोंदी रद्द झाल्या.

सेन यांचे बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. नाव नसलेली नोंद कोणीही वापरू शकेल ही भीती खरी होती. दुसरीकडे, राज्यघटनेने दिलेला हक्क एका संकोचापायी अठ्ठावीस लाख जणींना एका निवडणुकीपुरता गमवावा लागला, हेही तितकेच खरे. आम्हांला स्वतःला आणखी मुदत द्यायला हवी होती असे वाटते. पण आमचे लक्ष दुसरीकडे वेधले जाते. हा आकडा आज आपल्याला कोठून कळतो? कोणा विरोधकाच्या आरोपातून नाही, वृत्तपत्राने खणून काढला म्हणून नाही. पहिल्या निवडणुकीचा जो अधिकृत अहवाल १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तो सेन यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. आपल्या हातून काय राहिले हे त्यांनी राज्यवार सांगितले, त्याची कारणे दिली आणि आपला निर्णय तसा का होता तेही मांडले. त्या अहवालाच्या आधारे सत्तर वर्षांनंतर आमच्यासारखा माणूस त्यांच्याशी असहमत होऊ शकतो. जाब देणे याहून वेगळे काय असते?

मतपेटीचेही असेच. पहिल्या दोन निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे, पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे आणि मतदाराने आपली कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची असे. निरक्षर मतदारासाठी योजना सोपी होती, पण पडद्याआड एकटा असलेला मतदार मतपत्रिका पेटीत न टाकता बाहेर आणून विकूही शकत होता. ही उणीव ध्यानात आल्यावर शिक्का मारण्याची पद्धत आली आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत ती सर्वदूर रुळली. त्याच निवडणुकीपासून म्हैसूरच्या कारखान्यातील शाई आपल्या बोटांना लागू लागली. दुरुस्त करण्याच्या बाबतीत आपली निवडणूक यंत्रणा कधीच मंद नव्हती.

जाबाच्या बाबतीत मात्र कायद्याने वेगळी वाट धरली, आणि ती वाटही १९५२ मध्येच फुटते. मद्रास राज्यातील नामक्कल मतदारसंघात एन. पी. पोन्नुस्वामी यांचा अर्ज निवडणूक अधिकाऱ्याने नाकारला. ते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९५२ मध्ये सांगितले की राज्यघटनेच्या ३२९ व्या अनुच्छेदाप्रमाणे निवडणूक चालू असताना न्यायालयाने मध्ये पडायचे नाही. जी काही तक्रार असेल ती निकाल लागल्यानंतर निवडणूक याचिकेद्वारे करावी. या निर्णयामागचे शहाणपण नाकारता येत नाही. प्रत्येक नाकारलेल्या अर्जासाठी निवडणूक थांबू लागली तर देशात निवडणूकच होणार नाही. वसमतची हकीकत याला पुरावा म्हणून कोणी पुढे करील: नगरपालिकेच्या कायद्याने छाननीवर अपील ठेवले आणि त्याच अपिलात निवडणूक अडकली. आम्ही उलट म्हणू. अपिलाने निवडणूक अडकली नाही. अपिलाचा निकाल येईपर्यंत आणि त्यानंतरचे तीन दिवस संपेपर्यंत थांबायचे, एवढे साधे भान वेळापत्रकात ठेवले गेले नाही, म्हणून ती अडकली.

निकालानंतर याचिका करा, हे ऐकायला सोपे आहे. याचिका कोणताही उमेदवार किंवा मतदार करू शकतो. मुदत पंचेचाळीस दिवसांची. परंतु अधिकाऱ्यांनी नियम मोडला एवढे दाखवून भागत नाही. त्या नियमभंगाचा निकालावर प्रत्यक्ष परिणाम झाला, हे याचिकाकर्त्याला सिद्ध करावे लागते. ज्याचे नाव यादीतून गळाले आणि जो मतदान न करता परतला, त्याने आपले एक मत पडले असते तर निकाल बदलला असता हे कसे सिद्ध करावे? शिवाय काळाचा प्रश्न आहेच. मुंबईतील विलेपार्ले पोटनिवडणूक डिसेंबर १९८७ मध्ये झाली. ती प्रचारातील गैरप्रकारांवरून उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले डिसेंबर १९९५ मध्ये. मधल्या काळात विधानसभेच्या दोन निवडणुका होऊन गेल्या होत्या.

आणि अधिकाऱ्याला शिक्षा? सुज्ञ वाचकांनी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे १३४ वे कलम जरूर पाहावे. निवडणुकीच्या कामात वाजवी कारणावाचून कर्तव्यात कसूर करणाऱ्यास दंड सांगितला आहे: पाचशे रुपयांपर्यंत. हेल्मेटवाचून दुचाकी चालवणाऱ्याला यापेक्षा अधिक भरावे लागतात. मतदार याद्यांच्या बाबतीत १९५० चा कायदा कडक आहे, त्यात किमान तीन महिन्यांचा कारावास आहे. पण त्याच कलमात अशीही तरतूद आहे की आयोगाने किंवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय कोणत्याही न्यायालयाने दखल घेऊ नये. म्हणजे ज्या घरात चूक झाली, त्याच घराच्या कर्त्याने फिर्याद द्यायची. तो कर्ता स्वतः तर आणखीच सुरक्षित आहे. २०२३ च्या कायद्याने निवडणूक आयुक्तांवर त्यांच्या पदावरील कृतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी खटला चालविण्यास मनाई केली आहे.

येथे एक गोष्ट न सांगता पुढे जाणे अन्यायाचे होईल. निवडणुकीचे काम प्रत्यक्षात करतात ते जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी, तलाठी, ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकेने तापाने फणफणलेले मूल घरी ठेवून केंद्रावर रात्र काढली होती. अशा माणसाची चूक झाली तर निलंबनाचा कागद दुसऱ्या दिवशी हातात पडतो. जाब आपल्याकडे पाण्यासारखा वागतो, उतार सापडला की खाली धावतो. केंद्रावरच्या गुरुजींना विचारणारे शंभर असतात. वेळापत्रक आखणाऱ्याला विचारणारे कोणी नसते. जाब मागायचा तो वरून मागायला हवा.

तसे एकदा घडले होते आणि ते महाराष्ट्रातच घडले. एप्रिल २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात आणि पाठोपाठ मुंबईत मतदार केंद्रांवर गेले आणि आपली नावे यादीत नाहीत असे त्यांना कळले. वर्षानुवर्षे त्याच पत्त्यावर राहणारे, मागच्या निवडणुकीत मत दिलेले, हातात छायाचित्रासह ओळखपत्र असलेले लोक. ते ओळखपत्र शेषन यांच्या काळात आले तेव्हा आपल्याला वाटले होते की आता प्रश्न सुटला; पण ओळखपत्राने मत मिळत नाही, यादीतील नावाने मिळते. त्या वेळचे निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी मुंबईत जाहीरपणे माफी मागितली. त्या माफीने कोणाचे मत परत आले नाही. तरीही घटनात्मक पदावरील माणूस मतदारापुढे 'आमचे चुकले' म्हणतो, हे आम्हांला सेन यांच्या अहवालाच्या कुळातले वाटले.

त्यानंतर वारे उलट दिशेने वाहू लागले. १९७७ मध्ये पंजाबातील फिरोजपूरच्या मोजणीत गोंधळ झाला, आयोगाने तेथील सारे मतदान रद्द केले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मोहिंदर सिंग गिल यांच्या त्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी आयोगाचे व्यापक अधिकार मान्य केले, पण त्याचबरोबर एक कुंपणही घातले: आदेशाची ग्राह्यता त्या आदेशात लिहिलेल्या कारणांवरून ठरेल, मागाहून शपथपत्रात नवी कारणे जोडून तो सावरता येणार नाही. कारण आधी आणि लेखी द्यायचे, असा त्याचा अर्थ. २०२४ च्या डिसेंबरात काय झाले? पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने एका मतदान केंद्राचे चित्रीकरण व कागदपत्रे मागणाऱ्याला ती देण्यास सांगितले, आणि थोड्याच दिवसांत, २० डिसेंबरला, केंद्र सरकारने आयोगाच्या शिफारशीवरून ९३ व्या नियमात बदल केला. आता जे कागद नियमांत नावानिशी सांगितले आहेत तेवढेच लोकांना पाहता येतात. चित्रीकरण त्यांत बसत नाही. मतदाराची गुप्तता आणि चित्रफितींचा गैरवापर ही कारणे देण्यात आली. गुप्ततेचे कारण पोकळ नाही, हे आम्ही मान्य करतो. पण पुढे मे २०२५ मध्ये, निकालाला याचिकेने आव्हान मिळाले नाही तर चित्रीकरण पंचेचाळीस दिवसांनंतर नष्ट करावे, अशा सूचना निघाल्या, तेव्हा मनात आले की सेन यांनी अहवाल लिहायला तीन वर्षे घेतली होती.

माहितीचा दरवाजा लागला की संशयाला खिडकी सापडते. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यात मारकडवाडी नावाचे लहानसे गाव आहे. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर तेथील लोकांनी आपल्या गावचे मतदान मतपत्रिकांवर पुन्हा करून पाहायचे ठरविले. ३ डिसेंबरला ते व्हायचे होते. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, पोलीस आले, बेत सोडावा लागला, गुन्हे नोंदले गेले. त्या लोकांचा संशय खरा होता असे आम्ही म्हणत नाही; त्यांचा उमेदवार तर त्या मतदारसंघात निवडूनही आला होता. कायद्याने निवडणूक घेण्याचा अधिकार गावाला नाही, हेही खरे. परंतु आपल्या खर्चाने मतपत्रिका छापून आकडे ताडून पाहू इच्छिणाऱ्या गावकऱ्यांना मिळालेले उत्तर जमावबंदीचे होते. आकड्यांचे उत्तर त्यांना शांतपणे समोर बसवून देता आले असते.

इतर देशांत काय होते, याची दोन उदाहरणे थोडक्यात देतो. ऑस्ट्रियात मे २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. विजयी उमेदवाराचे मताधिक्य होते ३०,८६३. टपालाने आलेली मते काही जिल्ह्यांत वेळेआधी उघडली गेली, काही ठिकाणी ती मोजताना हजर असायला हवीत ती माणसे नव्हती. अशा रीतीने हाताळलेली मते निघाली ७७,९२६. कोणी लबाडी केल्याचा पुरावा मिळाला नाही. तरीही तेथील घटना न्यायालयाने १ जुलै रोजी ती फेरी संपूर्ण देशात रद्द केली, कारण निकालावर परिणाम होऊ शकत होता एवढे त्यांना पुरेसे वाटले. आपल्याकडे परिणाम झाला हे सिद्ध करावे लागते, तेथे होऊ शकला असता हे दाखवून भागले. (फेरमतदानाची तारीखही चुकली, कारण नव्या पाकिटांचा डिंक सुटू लागला! माणसाचे हात सगळीकडे सारखेच.) दुसरे उदाहरण बर्लिन शहराचे. सप्टेंबर २०२१ मध्ये एकाच दिवशी अनेक निवडणुका आणि त्यावर कळस म्हणून शहराची मॅरेथॉन शर्यत. मतपत्रिका संपल्या, काही केंद्रांवर भलत्याच विभागाच्या मतपत्रिका पोहोचल्या, रांगा तासन्‌तास हलल्या नाहीत. शहराच्या निवडणूक प्रमुख बाईंनी काही दिवसांतच पद सोडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने शहराच्या विधानसभेची निवडणूक रद्द केली, फेब्रुवारी २०२३ मध्ये ती पुन्हा झाली आणि शहराचे सरकार बदलले.

इतके सारे लिहिल्यावरही वाटते की मूळ दुखणे अजून सांगितलेच नाही. चुकीची निवडणूक हे एक. न झालेली निवडणूक हे त्याहून मोठे. या बाबतीत आमच्या धर्मपीठाच्या इतिहासातील एक हकीकत येथे आठवते. १२६८ च्या नोव्हेंबरात पोप चौथे क्लेमेंट व्हितेर्बो नगरात मरण पावले आणि त्यांचा वारस निवडण्यासाठी कार्डिनल तेथेच जमले. महिने गेले, वर्षे गेली, निर्णय होईना. शेवटी नगरवासीयांनी त्यांना प्रासादात कोंडले, शिधा कमी केला आणि वरचे छतही उतरवले. १ सप्टेंबर १२७१ रोजी दहावे ग्रेगरी निवडले गेले. नव्या पोपनी त्या नगरवासीयांचा राग धरला नाही. उलट १२७४ च्या लियों येथील धर्मसभेत नियम केला की निवडणारे बंद दाराआड राहतील, तीन दिवसांत निवड झाली नाही तर जेवणात एकच पदार्थ मिळेल आणि आणखी पाच दिवसांनंतर भाकरी, पाणी व द्राक्षारस एवढ्यावरच भागवावे लागेल. विलंबाची झळ मतदारांना न लागता विलंब करणाऱ्यांना लागली पाहिजे, हे तेराव्या शतकातील त्या लोकांना उमगले होते.

आपल्याकडे राज्यघटनेच्या ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीने १९९३ पासून पंचायती व नगरपालिकांची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असे सांगितले. त्यासाठीच १९९४ मध्ये महाराष्ट्राचा राज्य निवडणूक आयोग अस्तित्वात आला. असे असताना राज्यातील बहुतांश नगरपालिकांची मुदत २०२१ च्या अखेरीस आणि २०२२ च्या आरंभी संपली, आणि मग काहीच झाले नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाविषयी सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२१ चा निर्णय, त्यानंतरचा बांठिया आयोग, प्रभागरचनेचे अधिकार कोणाचे यावरचा वाद, ऑगस्ट २०२२ चा 'जैसे थे' आदेश: कारणांची यादी लांब आहे आणि त्यांतील एकही कारण क्षुल्लक नाही. मात्र त्या काळात नळाला पाणी का नाही हे विचारायला नगरसेवक नव्हता. सही प्रशासकाची चाले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असे सांगितले, सप्टेंबरात ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची मुदत घातली, आणि चार वर्षांची कोंडी चार महिन्यांत फोडण्याच्या घाईत तीन दिवसांचा तो हिशेब चुकला. वसमतच्या चुकीचे बीज असे चार वर्षे आधी पेरले गेले होते.

हॉटेलात आमच्या समोर बसलेल्या हळद उत्पादक गृहस्थांना हे सारे आम्ही जमेल तसे सांगितले. वसमतची मंडळी निदान २० तारखेला मत देतील, असेही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतले आणि बशीत चहा ओतता ओतता विचारले, "फादर, वसमतचं झालं. पण आम्ही खेड्यातले. आमचा जिल्हा परिषदेचा मेंबर सध्या कोण हो?"

हिंगोली जिल्हा परिषदेची निवडणूक २०१७ च्या फेब्रुवारीत झाली होती. मार्च २०२२ मध्ये तिची मुदत संपली. पुढे जानेवारी २०२६ मध्ये बारा जिल्हा परिषदांचा कार्यक्रम जाहीर झाला. एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत असलेल्या जिल्हा परिषदांचीच ती यादी होती. आम्ही ती दोनदा वाचली. परभणीचे नाव होते, लातूरचे होते, धाराशिवचे होते. हिंगोलीचे नव्हते.